परस्परांच्या ताब्यात

मे महिन्यात महाबळेश्वरला गेलात तर वेण्णा तलावाच्या काठावर हे आजोबा हमखास दिसतील. बंडीवर स्वेटर, स्वेटरवर मफलर, डोक्याला माकडटोपी आणि टोपीतून जेवढा चेहरा बाहेर उरतो तेवढ्यावर घाम. दुपारचं ऊन इथेही चांगलं चटका देतं. पण थंड हवेच्या ठिकाणी येऊन कानटोपी घातली नाही, तर आजोबांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. खांद्याला कापडी पिशवी, आणि मुठीत सहा-सात वर्षांच्या नातीचा हात. कोणी कोणाला धरलं आहे, हे जरा निरखून पाहावं लागतं.

मुलगा आणि सूनबाई सकाळीच 'पॉइंट बघून येतो' म्हणून सटकलेले असतात. बाबांना एवढं चालवणार नाही आणि हिला ऊन लागेल, हे जाहीर कारण. खरं कारण आजोबांना ठाऊक असतं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नसते. त्यांनीही एके काळी पोरं आत्याच्या गळ्यात टाकून आजीला हाच आर्थर सीट दाखवला होता.

निघण्यापूर्वी सूनबाई दोन हुकूम काढते. पहिला उघड, सासऱ्यांना : "बाबा, हिला गार काही देऊ नका हं. लगेच घसा धरतो." दुसरा खासगी, मुलीला बाथरूमजवळ गाठून : "आबांना गोड खाऊ द्यायचं नाही. खाल्लं तर मला सांगायचं." म्हणजे दोन आरोपी आणि तेच दोघे पहारेकरी. पगारी माणूस लागत नाही. सूनबाईचं चुकतं असंही नाही. आजोबांची साखर आणि नातीचे टॉन्सिल्स या दोन्हींपायी डॉक्टरांकडे खेटे तीच घालते. तिच्या हिशेबातून एवढंच सुटलेलं असतं की या दोन पहारेकऱ्यांचं आपसात फार जमतं.

सकाळ बरी जाते, कारण सकाळी आजोबा माहिती देतात. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, माहिती असते. कमतरता असते ती पळून न जाणाऱ्या श्रोत्याची. "हे तळं देवानं केलेलं नाही बरं का. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतलं." नात घोडा बघत असते. "आपण आत्ता साधारण ४,५०० फूट उंचीवर आहोत." नात घोड्याची शेपटी बघत असते. "उंचीवर आलं की हवा विरळ होते, शरीरावर परिणाम होतो." इथे मात्र ती वळून बघते. शरीरावरचे परिणाम हा त्या घरातला नेहमीचा विषय असतो.

तळ्याकाठी बारीक लालचुटूक गाजरांच्या जुड्या विकायला असतात, पाल्यासकट. आजोबा एक जुडी घेतात, कारण गाजर दोन्ही हुकमांत बसतं. आणि घेतल्यावर माहिती आलीच : इंग्रजांच्या अमदानीत इथे चिनी कैदी ठेवले होते, त्यांनी इथे भाजीपाल्याचे मळे फुलवले वगैरे.

"म्हणजे ही चोरांची गाजरं?"

"तसं नव्हे."

"मग मी नाही खाणार." चोरांचं सोडाच, तिला गाजरच नको असतं. गाजरं पिशवीत जातात, आलेपाक आणि कालच्या वर्तमानपत्राच्या शेजारी.

मग नद्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि वेण्णा एकाच गोमुखातून निघतात, दोन वाटांनी जातात आणि साताऱ्याजवळ माहुलीला पुन्हा भेटतात, असं आजोबा थोडे भावुक होऊन सांगतात.

"भेटायचंच होतं तर वेगळ्या कशाला झाल्या?"

यावर आजोबांकडे माहिती नसते. ते होडीच्या रांगेकडे निघतात.

होडी निवडताना आजोबांचा कल वल्हवणाऱ्या माणसासकट मिळते त्या होडीकडे असतो. नातीला पायडलचीच हवी असते. त्या होडीत बसल्यावर कळतं की तिचे पाय पायडलपर्यंत पोचत नाहीत. म्हणजे सुकाणू तिच्याकडे, मेहनत यांच्याकडे. घरी चालते तीच पद्धत. स्वेटरवरून नारिंगी लाइफ जॅकेट चढवलेले आजोबा गुडघे छातीला टेकवत पाय मारतात, नात सुकाणू एकाच बाजूला दाबून धरते आणि होडी जागच्या जागी गोल फिरत राहते. बाकीच्या होड्यांतली नवी जोडपी त्यांना वळसा घालून जातात. "सरळ घे, सरळ!" "सरळच आहे, आबा. तळं फिरतंय."

काठावर परत येईपर्यंत आजोबांच्या अंगातली शक्ती संपलेली असते. आणि शक्ती संपली की गोड लागतं, असं त्यांचं स्वतःचं वैद्यक सांगतं.

समोरच स्ट्रॉबेरी क्रीमची गाडी असते. आता या पदार्थाची थोरवी पाहा : तो गार असल्यामुळे नातीला वर्ज्य आणि गोड असल्यामुळे आजोबांना. जगात इतका सर्वांगानं निषिद्ध पदार्थ दुसरा नसेल. दोघंही गाडीकडे न बघता गाडीसमोर उभी राहतात. हंगाम संपत आलाय, पुढच्या आठवड्यात फळ मिळेल न मिळेल, असं गाडीवाला हवेत बोलतो. त्याला या जोड्या ओळखीच्या असतात.

"एकच घेऊ," आजोबा म्हणतात. "तू फळं खा, फळ गार नसतं. क्रीम मी संपवतो, क्रीम म्हणजे शेवटी दूधच."

"त्यात साखर असते."

"थोडी."

"मग मलाही थोडं क्रीम."

तह होतो. दोन चमचे, एक ग्लास. आणि एक ग्लास दोघांत पुरत नाही, हे तहानंतर लक्षात येतं.

नेमका तेव्हाच फोन वाजतो, तोही व्हिडिओवर. आजोबा शिताफीनं फोन आभाळाकडे धरतात. सूनबाई आधी सासऱ्यांना विचारते, हिनं काही गार खाल्लं का? "छे, गाजर खाल्लं." मग मुलीला विचारते, आबांनी? "गाजर." दोघांच्या जबानीत तसूभर फरक नसतो. एखाद्या वकिलाला तेवढ्यावरूनच संशय आला असता. सूनबाई मात्र खूश होऊन म्हणते की, बघा, दोघं एकमेकांवर किती छान लक्ष ठेवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत ग्लुकोमीटर निघतो. आकडा बघून सूनबाई भुवया चढवते. आजोबा खिडकीबाहेर बघत हवापालट, प्रवास, अपुरी झोप अशी एकेक कारणं पुढे करून पाहतात. कुठलंच टिकत नाही. तेवढ्यात पांघरुणातून, किंचित बसलेल्या आवाजात, साक्ष येते :

"आई, इथे ४,५०० फूट आहे. उंचीचा शरीरावर परिणाम होतो."