ड्रॅगनने पळविलेला दुकानदार

कॅपकॉम या जपानी संस्थेने २०१२ साली हिदेआकी इत्सुनो यांच्या दिग्दर्शनाखाली प्रसृत केलेल्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ या व्हिडिओ गेममधील नायक, ज्याचे हृदय एका ड्रॅगनने गिळले आहे, सूडाच्या उदात्त प्रेरणेने घराबाहेर पडून बराच काळ केवळ पायपीट करीत राहतो. कारण मुलूख विस्तीर्ण, क्षणार्धात मुक्कामी पोहोचविणारे दगड महाग, आणि चार पावले धावताच धाप लागण्याची त्याची प्रकृती. सोबतचे ‘पॉन’ नामक भाडोत्री शिपाई शौर्यात उणे नाहीत. परंतु गॉब्लिन अग्नीस भितात, ही वार्ता प्रत्येक चकमकीत नव्याने हुजुरास सादर करण्याचा त्यांचा परिपाठ पाहता, पूर्वी ते एखाद्या कचेरीत बारनिशीवर असावेत.

प्रेमाचा बंदोबस्त तर अपूर्वच! नायकाचे मन कोणावर जडले, हे त्यास न विचारता, वारंवार झालेली विचारपूस, दिलेल्या भेटी व केलेली कामे यांच्या गुप्त हिशेबावरून ठरते, आणि ज्याचे खाते जड तोच प्राणप्रिय म्हणून ड्रॅगनच्या पंजात दिसतो. त्यामुळे त्रिभुवन हादरविणाऱ्या त्या प्रसंगी शस्त्रे विकणारा प्रौढ दुकानदार नायकाच्या विरहाचा विषय झाल्याची उदाहरणे आहेत.

इतके असूनही, सायक्लोप्सच्या अंगावर माकडासारखे चढत जाऊन त्याच्या एकुलत्या डोळ्यात तलवार खुपसण्याचा, किंवा ग्रिफिनच्या पिसांना लोंबकळत त्याच्यासह आकाशात जाण्याचा जो निर्भेळ आनंद येथे लाभतो, तो कित्येक निर्दोष, सालस खेळांच्या नशिबी नाही. वरून हात सुटल्यास प्राण जातो, तो भाग अलाहिदा.