कोलू पाटलाच्या पाण्यावर

हर्सूलचा आहे म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "किती वर्षांची झाली होती?" मध्यवर्ती कारागृहाने गावाला मिळवून दिलेली ही कीर्ती. गावाला भलाथोरला तलावही आहे, पण त्यावर जुन्या शहरातल्या काही वॉर्डांचे नळ चालतात. म्हणून त्याच्याकडे बघायचं ते 'यंदा किती भरला' एवढ्यापुरतंच. सलीम अली सरोवर म्हणावं, तर ते पक्ष्यांचं.

सौभाग्यवतींनी नौकाविहाराचा हट्ट धरला, तेव्हा मेव्हण्याने थेट नवेगावबांध सुचवलं. सावंगीला गाडी समृद्धीवर चढवली आणि नागपूर, भंडारा, साकोली करत गोंदिया जिल्ह्यात उतरलो. पाचशेहून जास्त किलोमीटर येऊन पाहतो तो इथेही सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य! या गृहस्थांनी पाण्याची एक जागा म्हणून सोडली नाही.

राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, तलाव मात्र अठराव्या शतकातला. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कुणी नव्हतं. भोवतीच्या सात डोंगरांना सात बहिणी म्हणतात; बांधकामाला त्यांनीही हातभार लावला, असं लोक सांगतात. पाणी सुमारे ११ चौरस किलोमीटर. कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला, डोंगरावर त्याचं देऊळ आहे. पाण्याचं काम पुरं करणाऱ्याला देव मानायला आमचे लोकही केव्हाचे तयार बसलेत. काम पुरं व्हायचं तेवढं राहिलंय.

पायडलची बोट घेतली. लाइफ जॅकेट आदल्या गिऱ्हाइकाच्या घामासकट अंगावर आलं. त्याचा पट्टा माझ्या पोटापाशी येऊन थांबला आणि पुढे जायला तयार होईना. मेव्हणा नि मी पायडलवर, सुकाणूचा दांडा हिच्या हातात. समोरून वारकरी पक्ष्यांची काळीभोर दिंडी चालली होती. पक्षी वळले की ही वळायची, त्यामुळे बोट जागच्या जागी प्रदक्षिणा घालू लागली.

"दाजी, जोर लावा की!"

"लावतोय लेका, पण कुणीकडं?"

काठावरून नावाडी ओरडला, "दांडा मंधात ठेवा जी!"

दांडा मधोमध आला, बोट सरळ झाली. आता जरा गप्प बसून निसर्ग पाहावा, तर हिने पाण्यात हात घातला आणि विचारलं, "अहो, एवढ्यात किती टँकर भरतील?" मेव्हण्याने मोबाइल काढून हिशेब मांडला. आकडा स्क्रीनवर मावेना. मग तिघांनीही उरलेली फेरी 'एवढं पाणी, आणि नळाची लाइन नाही' या हळहळीत काढली. मराठवाड्याच्या माणसाला जलक्रीडा जमते ती एवढीच.

नवेगावला जरूर जा. हिवाळ्यात जा, तेव्हा बाहेरगावचे पक्षीही आलेले असतात. आणि आमच्या शहरातले असाल, तर निघण्याआधी नळाला पाणी येण्याचा वार तेवढा बघून निघा.