वढूत व्हायोलिनचे वर्ग हवेतच

वढू बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. फाल्गुन अमावास्येला राज्यभरातून लोक येतात, माथा टेकतात आणि पुन्हा नगर रोडच्या गर्दीत शिरतात. एरवी गाव शेतीत आणि सणसवाडीच्या कंपन्यांतल्या पाळ्यांत गुंतलेलं. भजनाला टाळ-पखवाज आहे, वरातीला डीजे आहे. व्हायोलिनचा वर्ग मात्र माझ्या तरी पाहण्यात आला नाही. पुण्याच्या इतक्या जवळ असून ही अवस्था. ती दूर व्हावी, यासाठी हा प्रस्ताव.

व्हायोलिनच का, असं कोणी विचारील. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला चार तारा आणि एक कोरी काळी पट्टी. सूर कुठे आहे ते वाद्य सांगत नाही, आपल्या कानानं सांगायचं. बोट केसभर सरकलं की सूर गेला. गज जरा तिरका पडला की शेजारची तारही बोलू लागते. बरा आवाज निघेपर्यंत घरच्यांचीच परीक्षा असते. अशा वाद्यात कोण किती शिकला हे ऐकून ठरवणं फार क्लेशाचं. कागद पाहून ठरवणं त्यामानाने सोपं. म्हणून व्हायोलिन.

जुन्या मंडळींना हे सुचलं नाही. वाईचे वि. गो. जोग शिकायला थेट लखनौला गेले, रातंजनकरांच्या हाताखाली. गजाननराव जोशींचे वडील अंतुबुवा घरातच गवई. तरी गजाननरावांनी रामकृष्णबुवा वझे, विलायत हुसेन खाँ, भुर्जी खाँ अशा एकेकाचे उंबरठे झिजवले. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर, तिन्ही घराणी, आणि तीही गाण्याची! हातात व्हायोलिन असताना गळा कशाला तयार करायचा? पण त्या पिढीला हा नादच होता. एन. राजम ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या. ठाकूर गवई, व्हायोलिनवादक नव्हेत. कुरुंदवाडचे डी. के. दातार जन्मभर गजातून ख्यालच गायले. प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला साथ करता करता व्हायोलिनला मराठी शब्द उच्चारायला लावले. पुढे त्यांच्या वादनाला लोक ‘गाणारं व्हायोलिन’च म्हणू लागले. या सगळ्यांनी आयुष्यं घातली, आणि मिळकत काय, तर लोक ऐकत बसले. यांतल्या एकालाही कोणी ‘कितवी परीक्षा झाली?’ असं विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता शिस्त आली आहे. पाया अर्थात विष्णु दिगंबर पलुसकरांचा. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं दरबारातून आणि बैठकीतून उचलून साध्या घरांत न्यावं म्हणून. १९३१ साली ते गेले आणि शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. प्रथम-पूर्ण धरून नऊ पायऱ्या. खेडोपाडी अभ्यासक्रम पोचला, गुरूच्या लहरीतून विद्यार्थी सुटला. हेतू इतका चांगला होता की त्याचं पुढे काय करायचं, हे आपल्याला ठरवावंच लागलं.

ते ठरवायला सरकारनं मदत केली. शास्त्रीय कलेच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण केल्या असतील, तर दहावीला वाढीव गुण मिळतात. ही सोय झाल्यापासून रागदारीला जे दिवस आले आहेत, ते तानसेनालाही लाभले नसतील. यमन कशासाठी, याचं उत्तर आता पालकांपाशी टक्क्यांत तयार असतं. आठवीत व्हायोलिन घेतलं, पट्टीवर सुरांच्या जागी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या (म्हणजे कानाला त्रास नको), एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरची सत्रं धरली, ठरलेले राग ठरलेल्या ताना घालून वाजवले, की दहावीचा निकाल लागतो आणि व्हायोलिन माळ्यावर जातं. कला आणि विद्यार्थी यांची इतक्या सामंजस्यानं फारकत दुसऱ्या देशात होत नसावी.

काही मुलं चिकटून राहतात. त्यांचीही सोय आहे. विशारद ही वाजवण्याची परीक्षा, शिकवण्याची नव्हे. पण पदवी हाती आली, की दारावर पाटी लागते ती ‘वर्ग चालू आहेत’ अशीच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजनं डिप्लोम्याला वादन आणि अध्यापन अशा दोन वेगळ्या वाटा ठेवल्या. मुलाच्या हातात गज कसा द्यायचा, मनगट कुठे सैल सोडायचं, चुकतं ते का चुकतं, हे शिक्षकाला येतं का, तेही तपासायचं! शिक्षकावर इतका अविश्वास आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपल्याकडे परीक्षेला बसलेला शिकवतो, शिकलेला परीक्षेला बसतो, मग तोही शिकवतो. या चक्रात श्रोता कुठेही लागत नाही. संगीतातला सगळ्यात बेभरवशाचा घटक असा अलगद वगळला गेला आहे.

याउलट बेंजोवाल्या पोराचं पाहा. ना प्रवेशिका, ना मध्यमा. मोबाइलवर दुपारी गाणं ऐकतो आणि रात्री वरातीत वाजवतो. सूर चुकला तर नाचणारे थांबतात, म्हणून तो बिचारा चुकत नाही. लग्नसराईत त्याच्या सुपाऱ्या ठरलेल्या असतात, रोख पैसे मिळतात, लोक फर्माइश करतात. प्रशिक्षणाअभावी माणसाची अशी आबाळ होते.

व्यवसाय म्हणाल, तर तोही आहे. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेनं २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभारला. संगीत दिग्दर्शक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह, कझाकस्तानचे. वादकांतही परदेशी मोठ्या संख्येनं. एवढ्या मोठ्या देशात माणसं बाहेरून आणावी लागतात, यावर काही जण हळहळतात. मला ते पटत नाही. त्या जागा वाजवणाऱ्यांसाठी होत्या. आपण तर शिक्षक घडवत होतो.

तेव्हा वढूत वर्ग निघावा, आणि लवकर निघावा. नदीपलीकडच्या वढू खुर्दची मुलंही येतील. जागेची अट नाही. शिक्षकाला पदवी असावी, वाजवता आलं तर हरकत नाही. आठवी-नववीच्या मुलांना प्राधान्य. पालकांनी वाद्य नंतर आणलं तरी चालेल, परीक्षा-फी मात्र येताना बरोबर आणावी. आणि दहावीनंतर ज्यांना व्हायोलिन काढून टाकायचं असेल त्यांनी ते भंगारात घालू नये, वर्गातच द्यावं. पुढच्या तुकडीला लागतं, आणि चिकटपट्ट्या आधीच लावलेल्या असतात.