वड्याची चव आणि घाटाचा चढ

कर्जतच्या वड्याची थोरवी गाताना खाद्यलेखक ‘पारंपरिक’ हा शब्द लसणीच्या चटणीसारखा सढळ हाताने भुरभुरवतात. बटाटा, मिरची, पाव ही तिन्ही पोर्तुगिजांच्या काळात आलेली. वडापाव तर १९६०च्या दशकात दादरला जन्मला असे सांगतात. म्हणजे परंपरेचे वय आपल्या काकांएवढे! या वड्याचे नाव केले ते भोर घाटाने. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. ३७ फुटांना एक फूट चढ असल्याने पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात, आणि तोवर गाडी कर्जतला उभी. आत अडकलेला भुकेला प्रवासी, खिडकीपाशी गरम वडा. जाहिरात हवी कशाला?

कुणी म्हणेल, वाईट वडा इतकी वर्षे खपला असता का? नसता. चवीने गिऱ्हाईक टिकवले, हे मान्यच. पण ते आणून उभे केले रेल्वेने. एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलमध्येही लोक खायला म्हणून निघालेले नसतात, वाटेत लागतो म्हणून थांबतात. इथली खरी जुनी चीज म्हणजे थंडीतली पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, भोवती जाळ. पण तिच्यासाठी शेतात ताटकळावे लागते, म्हणून परंपरेचे भक्त तिथे फारसे फिरकत नाहीत. आता २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवायच घाट चढते. तिच्या थांब्यांत कर्जत नाही.