जेल नखांचे सोवळे

जेलचे नख बहुधा दोन ठिकाणी सुटते: मुळाशी, नाहीतर टोकाशी. मुळाशी सुटले तर दोष लावणारीचा आणि टोकाशी सुटले तर वापरणारीचा, असा या शास्त्रातला ढोबळ न्याय आहे. इंदूरच्या मराठी घरांत मात्र स्वयंपाकघर हा तिसरा पक्षकार असतो, आणि तो आपली चूक कधीच कबूल करत नाही.

मुळात ही जोडीच विजोड आहे. नखाचा पत्रा केराटिनचा, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. पाणी मिळाले की फुगतो, वाळला की आकसतो, दाब आला की वाकतो. जेल हा ॲक्रिलेट जातीच्या रेणूंचा चिकट रस. लॅम्पच्या अतिनील आणि जांभळ्या उजेडात हे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि टणक थर तयार होतो. दंतवैद्य किडका दात कोरून पांढरे सिमेंट भरतात आणि वर निळा दिवा धरतात, तोच हा प्रकार. कडक होताना जेल किंचित आकसतो; त्यानंतर मात्र तो जागचा हलायला फारसा तयार नसतो. एकाने रोज फुगायचे आणि दुसऱ्याने ताठ राहायचे, अशा संसारात तीन आठवडे निभावले तरी पुष्कळ. (२०१० मध्ये ‘शेलॅक’ या नावाने जेल पॉलिश बाजारात आले. शेलॅक म्हणजे लाख. पण त्या बाटलीत लाख नसते. लाख हवी असेल तर बांगड्यांच्या दुकानात जावे.)

तयारीची सुरुवात तारीख ठरवण्यापासून होते. इंदूरला पाणी नर्मदेचे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून ते माळव्याच्या पठारावर चढवून आणतात आणि बऱ्याच वस्त्यांत एक दिवस आड सोडतात. ज्या दिवशी नळ येतात त्या दिवशी टाकी, पिंप, कूलर, अंगण आणि घरातल्या बायकांचे हात हे सगळे एकदम ओले होते. अशा सकाळी तासभर पाण्यात असलेले नख वरून पुसले तरी आतून फुगलेलेच असते. त्यावर लावलेला जेल संध्याकाळपर्यंत शोभतो. नख वाळून आकसले की जेलच्या खालची जमीन सरकते. म्हणून वेळ घ्यावी ती नळ नसलेल्या दिवसाची. हात कोमट पाण्यात भिजवत ठेवणारे मॅनिक्युअरही त्याच कारणाने आधी वर्ज्य.

तेलाचे पथ्य याहून कडक. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंग करून अकराला पार्लर गाठणे म्हणजे जेलला तेलकट तव्यावर बसवणे होय. रंगपंचमीलाही तेच. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा रंग अंगात मुरू नये म्हणून कोपरापर्यंत तेल चोपडण्याची पद्धत आहे, ती योग्यच. पण त्या हातांनी नखे करायची ती गेरीच्या आधी की नंतर, हा प्रश्न पडणेच चुकीचे. दोन्ही बाजूंना मोकळे दिवस सोडावेत.

प्रत्यक्ष कामात पहिली पायरी क्युटिकलची, आणि निम्मे लिफ्टिंग, म्हणजे जेलचे सुटणे, इथेच ठरते. नखाच्या मुळाशी दोन गोष्टी असतात. एक जिवंत कातडीची कड. ती जंतूंना अडवण्यासाठी आहे, तिला फक्त हलक्या हाताने मागे सारायचे, कापायचे नाही. दुसरी म्हणजे त्या कडेखालून नखावर पसरलेला मृत त्वचेचा पापुद्रा, लसणाच्या पाकळीवरच्या पापुद्र्याइतका पातळ आणि जवळपास पारदर्शक. तो राहिला तर जेल नखाला न चिकटता पापुद्र्याला चिकटतो, आणि पापुद्र्याचा तिथला मुक्काम कायमचा नसतो. घाईत असलेली नेल आर्टिस्ट नेमकी उलटी वागते: जिवंत कड कापते आणि मृत पापुद्रा ठेवते.

मग बफर. १८० किंवा २४० नंबरच्या कानशीने नखावरची फक्त चकाकी काढायची असते. कल्हईवाला भांडे आधी लख्ख करतो, कारण मळक्या भांड्याला कल्हई धरत नाही; पण भोक पडेपर्यंत घासणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. पातळ झालेले नख जास्त वाकते, आणि पुढे लॅम्पमध्ये त्यालाच जास्त चटका बसतो, कारण जेल कडक होताना स्वतःही उष्णता सोडतो. (दिवेलागणीनंतर नखे कापू नयेत असा अनेक घरांत नियम आहे. कानस लावणे हे कापण्यात मोडते का, याबद्दल मतभेद आहेत. संध्याकाळी सातची वेळ घेणाऱ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारलेले बरे.)

धूळ झटकून नखावर डिहायड्रेटर फिरवला की सोवळे सुरू होते. हे द्रव्य नखावरचे तेल आणि ओल काढून टाकते, आणि जेलच्या थराखाली नख बंद होईपर्यंत त्याला कशाचाही स्पर्श चालत नाही. कपाळावरची बट मागे सारली, नख ओवळे. फोन वाजला म्हणून स्क्रीन पुसली, ओवळे. आलेल्या चहाबरोबरचे शेवेचे दोन दाणे तोंडात टाकले, दहाही ओवळी. ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य या टप्प्यावर हमखास ऐकू येते आणि त्याचे उत्तर दहाव्या दिवशी मिळते. सोवळे मोडल्यास प्रायश्चित्त सोपे आहे: डिहायड्रेटर पुन्हा फिरवावा. लाजून गप्प बसू नये.

त्यानंतर गरज असेल तर प्रायमर, मग बेस कोट, रंग आणि टॉप कोट. थर पातळ हवेत. जाड थराच्या तळापर्यंत उजेड पोहोचत नाही. वर पापड आणि खाली लाटीच राहते. कातडीपासून केसभर अंतर सोडावे आणि नखाच्या टोकाची कड प्रत्येक थराने मढवावी. कातडीला लागलेला जेल तिथूनच सुटू लागतो हे एक, आणि त्याहून वाईट म्हणजे न वाळलेले ॲक्रिलेट पुन्हा पुन्हा कातडीला लागल्यास ॲलर्जी जडू शकते. ती एकदा जडली की सहसा जन्माची, आणि दातांच्या कामातही त्याच कुळातले पदार्थ वापरले जातात. तेव्हा बाजूला ओघळलेला थेंब लॅम्पमध्ये हात जाण्यापूर्वीच मागे लागून पुसून घ्यावा. अंगठे वेगळे घालावेत. चार बोटांबरोबर घातले तर ते आडवे पडतात आणि अर्धेच वाळतात. बाटली उघडी ठेवून खिडकीशी बसू नये. उन्हातही अतिनील किरण असतात, आणि माळव्याचे एप्रिलमधले ऊन बाटलीला लॅम्पची उणीव भासू देत नाही. शेवटी वर राहणारा चिकटपणा म्हणजे काम फसल्याची खूण नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे सर्वांत वरचा थर ओला राहतो. तो अल्कोहोलने पुसतात.

आता पथ्य. तयारीत वैरी असलेले तेल इथे मित्र होते: रोज रात्री नखाच्या मुळाशी थेंबभर चोळल्याने नख आणि कातडी मऊ राहतात आणि ताण सोसतात. पाणी मात्र वैरीच राहते. भांडी घासताना रबरी मोजे घालावेत. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या चिरताना पिवळे मोजे देवघराशेजारी शोभत नाहीत हे खरे, पण हळदीने पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या टोकांपेक्षा बरे दिसतात. फिकट रंगावर हळद बसलीच तर उन्हात हात धरावा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

सर्वांत मोठी परीक्षा पावसाळ्यात येते, भुट्ट्याच्या किसाची. कोवळे कणीस देठाकडून धरून किसणीवर ओढतात. दाणे फुटून दुधाळ कीस परातीत पडतो. पहिले दोन तृतीयांश कणीस निर्धोक असते. मग कणीस आखडते, बोटे खाली सरकतात, आणि ‘एवढे दाणे कशाला वाया घालवायचे’ हा कुळाचार जागा होतो. अंगठ्याच्या नखाचे टोक किसणीच्या भोकाला एकदाच अडकते. आवाज बारीक येतो, ‘टक’ असा. किसणीला दाणा आणि नख यांतला फरक कळत नाही, आणि तुपात जिरे-हिंग-मिरचीवर दूध आटेपर्यंत परतलेल्या किसात गुलाबी कण सापडला तर तो गाजराचा आहे असे सांगणे भाग पडते. कीस दुसऱ्याकडून करून घ्यावा किंवा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन खावा. तिथेही चमचा मागावा, आणि पाण्याच्या बाटलीचे झाकण नखाने उचकटू नये. नख हे हत्यार नव्हे. सेफ्टी पिन, डब्याचे झाकण, किमतीचे स्टिकर यांसाठी घरात चमच्याचा दांडा असतो.

इतके करूनही नख सुटते. विंचरताना एखादा केस नखाच्या मुळाशी अडकला की समजावे. अशा वेळी दोन मोह होतात. एक, ते ओढून काढण्याचा. ओढलेला जेल नखाचे पापुद्रे सोबत घेऊन येतो. दुसरा, त्या फटीत झटपट चिकटणारा गोंद भरण्याचा. गोंद चिकटतो यात शंका नाही, पण आतली ओलही आतच राहते, आणि तिथे स्यूडोमोनास हे जिवाणू वाढले तर नख हिरवे पडते. हिरव्या नखावर नवा जेल लावत नाहीत, डॉक्टरांना दाखवतात. काहीच बिघडले नाही तरी दोन-तीन आठवड्यांनी परत जावेच लागते. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, मुळाशी फट दिसू लागते आणि जेलचे वजन पुढे सरकून टोकाशी तरफेसारखा ताण बसतो.

काढताना वरचा थर कानशीने उतरवून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवावा, फॉइल गुंडाळावे आणि १०-१५ मिनिटे थांबावे. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून गॅस, निरांजन आणि उदबत्ती यांच्यापासून लांब बसावे. मऊ झालेला जेल लाकडी काडीने सरकतो; सरकत नसेल तर आणखी पाच मिनिटे थांबावे, खरवडू नये. उरला प्रश्न त्या कापसाचा आणि फॉइलचा. इंदूरमध्ये घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो. ॲसिटोनचा कापूस ओल्यातही जात नाही आणि सुक्यातही जात नाही. तो घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकायचा असतो. गाडी सकाळी येते.