बी विंगला लागलंय प्लँकचं खूळ

कालच कळलं आणि हातातला चहा हातातच राहिला. बी विंगमधले निवृत्त बँकवाले काका, अहो तेच, मेंटेनन्सच्या पावतीवर सही करायलाही खुर्ची मागणारे, सकाळी सहाला गच्चीवर पालथे पडलेले असतात! कोपरं जमिनीला, पायाची बोटं जमिनीला, मधला सगळा ऐवज अधांतरी. शेजारी काकू मोबाइल धरून सेकंद मोजतायत. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे इतकं टक लावून पाहिलं नसेल.

याला म्हणे 'कोअर करणं' म्हणतात. आमच्या वेळी पोट सुटायचं, कंबर धरायची, फार तर उसण भरायची. कोअर नावाची चीज कुणाकडे नव्हती. आता लिफ्टमध्ये "जेवण झालं का?" जाऊन "किती मिनिटं?" आलंय. तिसऱ्या मजल्यावरची दोन मिनिटं सांगते, तर चौथ्यावरची अडीच. त्यातच ग्रुपवर कुणीतरी काडी टाकली, की कॅनडाच्या डॉनाजीन वाइल्ड या ५८ वर्षांच्या निवृत्त बाईंनी २०२४ मध्ये ४ तास ३० मिनिटं ११ सेकंद प्लँक धरला. साडेचार तास! तेवढ्यात माझा पुरणपोळीचा घाट आटपून ओटासुद्धा पुसून होतो.

झालं, काका पेटले. पाच मिनिटांवर गेले. आणि गेल्या मंगळवारी त्यांची पाठ धरली. प्लँक करताना नव्हे हो! गच्चीवरून विजयी मुद्रेनं खाली आले, दारातली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी उचलायला वाकले, आणि तिथेच अडकले. ना वर, ना खाली.

मग तळमजल्यावरची फिजिओ आली आणि तिनं भांडंच फोडलं. म्हणाली, "काका, तुमची कंबर पहिल्या मिनिटातच झोळीसारखी लोंबायला लागते. पुढची चार मिनिटं पोट सुट्टीवर, भार सगळा कमरेवर." शिवाय रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकणं सर्वांत महागात पडतं. आणि पिशवी नेमकी त्याच वेळी येते!

कोअर म्हणजे पोटावरच्या वड्या नव्हेतच. पोट, कुशी आणि पाठ यांचे स्नायू मिळून कमरेला चहूबाजूंनी पट्टा आवळतात, तो कोअर. कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅक्गिल यांनी वर्षानुवर्षं मणक्याचा अभ्यास केला आणि त्यासाठी व्यायाम सुचवले तीन. धरायचं किती? दहा सेकंद! मला तर ऐकूनच लाज वाटली.

पहिला: पाठीवर झोपायचं, एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ, तळवे कमरेखालच्या खळगीत. डोकं आणि खांदे उचलायचे ते उशीखालची किल्ली काढण्यापुरते. दुसरा: कुशीवर, एका कोपरावर टेकून कंबर उचलायची, नवख्यांनी गुडघे दुमडून. तिसरा: रांगत्या बाळासारखं ओणवं व्हायचं, उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. कमरेवर आमटीची वाटी ठेवली तर थेंब हिंदकळता कामा नये. श्वास मात्र कोंडायचा नाही. दुखलं की थांबायचं. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम नाही, ग्रुपवर सल्ला नाही, तडक हॉस्पिटल.

आता सांगा, यात सांगण्यासारखं काय उरलं? दहा सेकंदांत फोटोसाठी कॅमेरासुद्धा उघडत नाही. काका बरे झाले, रोज गुपचूप तीन प्रकार करतात, आणि ग्रुपवर सुतकी शांतता. लिफ्टमध्ये कुणी "किती?" विचारलं, की ते मजल्याच्या आकड्याकडे बघतात.

पण खरी बातमी पुढेच आहे. काकूंनी दाराच्या कडीला, बरोबर कमरेच्या उंचीवर, कापडी पिशवी टांगलीय. दूधवाला त्यात दूध ठेवतो. वाकायचा प्रश्नच मिटला. पस्तीस वर्षं त्या हेच सांगत होत्या म्हणे. फिजिओनं फी घेऊन सांगितलं, तेव्हा पटलं!