पन्नास वर्षांचा स्लॅब पंधरा वर्षांत संपवा
(नवशिक्या घरमालकांसाठी, घाटावर आणि घाटाखाली सारखंच उपयोगी)

नीट पडलेला स्लॅब ५० वर्षं सहज काढतो, असं इंजिनिअर मंडळी सांगतात. म्हणजे चाळिशीत घर बांधलंत, तर तो पाडून नवा टाकायची मजा तुमच्या वाट्याला येणारच नाही. खर्च तुमचा आणि सोहळा नातवाचा! असं होऊ द्यायचं नसेल तर खालच्या सूचना पाळा. बुलढाणा जिल्ह्यात त्यासाठी हवा, पाणी आणि शेजारी, तिन्ही अनुकूल आहेत.

१. आधी आजोबांचं धाबं पाडा. सागाच्या सरांवर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असलं ते छत. उन्हाळ्यात खाली गार वाटायचं हे खरं, पण नखरे किती! दर वैशाखात वर चढा, उगवलेलं गवत उपटा, नवी माती टाका, उतार धरा, पन्हाळ मोकळी करा. दरवर्षी एवढी चाकरी व्हायची म्हणून ते दोन-तीन पिढ्या टिकायचं. तेव्हा धाब्यासोबत ही सवयही पाडून टाका. यापुढे एकच वाक्य पाठ ठेवा : ‘स्लॅब आहे भाऊ, त्याले काय होते?’ हे मनापासून म्हणता येऊ लागलं की निम्मं काम झालं.

२. स्लॅब अक्षय तृतीयेच्या पुढेमागेच टाका. वावर रिकामं असतं, तूर-हरभऱ्याचे पैसे हातात असतात आणि पारा ४२ च्या वर असतो. अशा कोरड्या, तापलेल्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं राहिलं पाहिजे, असं भारतीय मानकात लिहिलंय. त्यासाठी स्लॅबवर मालाची आळी करून त्यात पाणी साठवायचं असतं. पण नळ कधी येईल हे नळालाच माहीत, आणि टँकरचं पाणी माणसांनी प्यावं की छताने, हा प्रश्न घरात काढलात तर उत्तर काय मिळेल ते आम्ही जाणतो. तुमची अडचण आम्हाला कळते. सकाळी दोन बादल्या शिंपडा, एखादं पोतं अंथरा आणि दुपारी ते कडकडीत वाळू द्या. चौथ्या दिवशी केसासारख्या बारीक भेगा दिसतील. त्या बुजवू नका, मृगात पावसाला वाट लागेल ना!

३. पाण्याची निवड. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात राहत असाल तर तुम्ही भाग्यवान आहात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तुमच्या पायाखालीच स्लॅबचं औषध आहे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि ज्याला बैल तोंड लावून मान फिरवतो, तेच बोअरचं पाणी मिक्सरमध्ये सोडा. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, असा नियम आहे. मोजायला कोण येतंय? पुढचं काम मीठ आपोआप करतं. ते आतल्या गजाला गंज चढवतं. गंजलेलं लोखंड फुगतं, पहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतं आणि खालच्या काँक्रीटला ढकलत राहतं. आधी गजाच्या रेषेत सरळ तडा जातो. मग तांबूस डाग येतो. मग एका रात्री हाताच्या पंजाएवढा पोपडा सुटून फिरत्या पंख्यावर येतो आणि तिथून खोलीभर वाटला जातो.

चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडच्या घाटावरल्या मंडळींनी मन छोटं करू नये. पाणी गोडं असलं तरी ते जास्त ओतता येतं. मिस्तरीला सांगा, ‘माल पातळ असू द्या, कोपऱ्यापर्यंत गेला पाहिजे.’ मिस्तरीही खूश, मजूरही खूश. जास्तीचं पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेली बारीक छिद्रं तुमचीच.

४. गजाखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक मागणाऱ्या सेंट्रिंगवाल्याकडे संशयाने पाहा. गिट्टीचा खडा पुरतो. मजूर वरून चालले की तो सरकतो, हाच त्याचा गुण.

५. कॉलमच्या सळया दोन-दोन हात वर सोडा. वरचा मजला पोराच्या लग्नाआधी चढवायचा आहे, असं सगळ्यांना सांगा. पोरगा पुण्यात नोकरीला लागेल, तिथेच कर्जाने फ्लॅट घेईल, आणि सळया तुमच्याकडे राहतील. त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घाला. दोन उन्हाळ्यांत बाटल्या तडकतात आणि पावसाचं पाणी सळईच्या अंगाने थेट कॉलमात उतरतं. तोवर सळयांना दोरी बांधून लुगडी वाळत घाला, खाली कुरडया-मिरच्यांचं वाळवण टाका. स्लॅबवर चढायचं एवढंच कारण शिल्लक ठेवायचं. वर गेलेल्या माणसाने कुरडयांकडे पाहायचं, स्लॅबकडे नाही.

६. पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी लिंबाचा पाला साचू द्या. तिथेच दोनेक वर्षांत पिंपळाचं रोप येईल. येऊ द्या. पिंपळ उपटून मुंजाचा कोप कोण ओढवून घेणार? मुळं काँक्रीटमध्ये कुठवर जातात हे मुंजाच पाहून घेईल.

७. दुरुस्तीचं वेळापत्रक. उन्हाळ्यात गळत नाही, म्हणून दुरुस्ती नको. पावसाळ्यात वर शेवाळ असतं, म्हणून नको. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत सोयाबीनचं काम. मग कापूस. मग लग्नसराई. पुन्हा उन्हाळा आलाच. कोणी फार मागे लागलं तर सांगा, ‘भेंडवळची घटमांडणी होऊ द्या, पाऊसपाणी पाहून ठरवू.’ घटातली चार ढेकळं पावसाचे चार महिने सांगतात. तुमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं कुठे ठेवायचं हे सांगणारं ढेकूळ तिथे नसतं, पण तेवढी जागा एव्हाना घरच्या बाईला पाठ झालेली असते.

फारच गळायला लागलं तर पायरीपायरीने जा. पहिल्या वर्षी डांबर. दुसऱ्या वर्षी ताडपत्री आणि तिच्यावर विटा. तिसऱ्या वर्षी स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून टिनपत्र्यांचा शेड. आता तुमच्या घराला दोन छतं झाली, एक गळणारं आणि एक उडणारं. पत्रे हुक-बोल्टने आवळू नका, वर दगड ठेवा. जूनच्या तोंडाला वावधान सुटलं की पत्रे शेजाऱ्याच्या वावरात जातात आणि दगड खाली येतात. कुठे येतात ते मात्र सांगता येत नाही.

८. छत बदलायची वेळ झाली का, हे तपासू नका. तपासणी सोपी आहे, धोका तोच. खालून हातोडीने हलकेच ठोकलं की चांगला स्लॅब टणटणीत वाजतो आणि सुटलेला बद्द. भिंतीला लोणा, छताला तांबूस रेघा, गज उघडे, आणि ठोकलं की बद्द, एवढं जमलं असेल तर तो भाग डागडुजीच्या पलीकडे गेलेला असू शकतो. हे कळलं की झोप उडते. त्यापेक्षा पैसे न घेता सल्ला देणाऱ्या साडूला विचारा. तो खालूनच पाहून ‘काई होत नाई’ म्हणेल. वरून रंग मारा.

९. आता शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम : छत पडायची वेळ जमवणं. वयाने पडलेल्या छताला सरकार काही देत नाही, पावसाने पडलेल्याला देतं. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निकषांत पक्कं घर अंशतः पडलं तर ६,५०० रुपये, कच्चं असेल तर ४,०००. दोन्हीकडे पडझड किमान १५ टक्के हवी. पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. घरकुलाचं मूळ अनुदानही १ लाख २० हजारच आहे, तेव्हा हिशोब सोपा. १४ टक्क्यांवर थांबणारं छत म्हणजे घरातला शत्रू. त्याला थोडं आणखी ढासळू द्या.

पाऊसही मोजून लागतो. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर भरलं की ती अतिवृष्टी. यंत्र तुमच्या गावात असेलच असं नाही, बहुधा काही कोसांवर असतं. म्हणजे पाऊस तिकडे पडायला हवा आणि छत इकडे, दोन्ही एकाच रात्री. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत मलबा हलवू नका, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढा. सातबारा, नमुना आठ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स आधीच तयार ठेवा. त्या पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पेटी शेजाऱ्याकडे.